विश्लेषण : जुन्या साड्यांची गोधडी गरजूला द्यायची आहे? शिवण्याआधी आणि देण्याआधी हे वाचा

थंडी वाढली की सोशल मीडियावर ब्लँकेटवाटपाचे फोटो सुरू होतात. अनेक घरांत मात्र वेगळा विचार चाललेला असतो. कपाटात आईच्या, आजीच्या साड्या पडून आहेत, त्यांची गोधडी शिवून कुणाला तरी द्यावी. विचार चांगला आहे. पण गोधडी किती जाड हवी, कोणती साडी चालते, कोणती चालत नाही, कुणाला द्यायची आणि कधी द्यायची? मी स्वतः एकदा या सगळ्यात चुकलो, म्हणून हा लेख.

गोधडी परत का आली?

गेल्या वर्षीची गोष्ट. आईने सात साड्या वापरून एक गोधडी शिवली होती. सात फूट लांब, पाच फूट रुंद. आत आजीचं एक लुगडंही होतं. घरात ती कुणी वापरत नव्हतं, कारण आता सगळ्यांकडे दुकानातल्या रजया आहेत. आई म्हणाली, थंडीत कुणाच्या तरी अंगावर पडू दे. डिसेंबरात रात्रपाळी संपवून येताना मी ती पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाबाहेर घेऊन गेलो. तिथल्या फुटपाथवर रुग्णांचे नातेवाईक झोपतात, हे रोज बघत होतो.

एका मावशींना गोधडी दिली. त्यांनी ती हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला, कापडावरून हात फिरवला आणि घडी घालून परत माझ्याकडे दिली. सकाळी सहाला इथून उठावं लागतं, सामान पिशवीत भरावं लागतं, दिवसभर ते घेऊन वॉर्डाच्या दारात बसावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. ही कुठे ठेवू? ओली झाली तर वाळवू कुठे? मग विचारलं, "दादा, एखादी हलकी आहे का?"

घरी आल्यावर सामानाच्या काट्यावर गोधडी लटकवून बघितली. साडेतीन किलो भरली.

मी इंजिनीअरिंग शिकलो आहे. वापरणाऱ्याला न विचारता वस्तू तयार केली की काय होतं, हे तिथे पहिल्या वर्षी शिकवतात. तरीही ही चूक झालीच. त्यानंतर आईकडून, शिवणाऱ्या बायकांकडून आणि थोडं भौतिकशास्त्राच्या जुन्या वहीतून जे समजलं, ते सोप्या भाषेत पुढे मांडतो आहे.

थंडी कुणाला लागते आणि किती?

आधी व्याख्या. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून जास्त घसरलं, तर थंडीची लाट म्हणतात. तापमान थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली आलं, तर सरासरी काहीही असो, लाट जाहीर होते. किनारपट्टीसाठी ही मर्यादा १५ अंशांची आहे. नाशिक जिल्ह्यातलं निफाड दर हिवाळ्यात बातम्यांत येतं ते याच आकड्यांमुळे.

पण हे आकडे हवेचे आहेत. बंद खोलीत, गादीवर झोपणाऱ्याला १२ अंश जसे वाटतात, तसे ते उघड्यावर, सिमेंटच्या फरशीवर, वाऱ्यात झोपणाऱ्याला वाटत नाहीत. त्याच्यासाठी थंडीची लाट जाहीर होण्याच्या कितीतरी आधीच सुरू झालेली असते.

असे लोक किती? २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार लोक बेघर नोंदले गेले. त्यांतले सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होते. महाराष्ट्राचा आकडा सुमारे २ लाख १० हजार होता. शहरी बेघरांच्या निवाऱ्यांसाठी केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात एक निकष ठरवण्यात आला होता. शहरातल्या दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असलेला कायमस्वरूपी निवारा हवा. तुमच्या शहराची लोकसंख्या आठवा आणि असे किती निवारे तुम्हाला माहीत आहेत, ते मोजा.

जनगणनेत ‘बेघर’ म्हणून न दिसणारेही अनेक आहेत. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचं घर म्हणजे फडाजवळची किंवा कारखान्याच्या तळावरची कोपी. भोवती पाणी दिलेली शेतं, म्हणजे गारठा जास्त आणि पहाटे अंधारात कामावर जायचं. वीटभट्टीवरची कुटुंबं, बांधकामाच्या जागेवर राहणारे मजूर आणि वर सांगितलेले रुग्णांचे नातेवाईक यांचीही गत हीच. यांच्यापैकी बहुतेकांना गावात घर आहे, फक्त थंडीच्या दिवसांत ते घर त्यांच्याजवळ नसतं.

गोधडी, वाकळ की कौदी?

वस्तू एक, नावं अनेक. राज्यात बहुतेक ठिकाणी गोधडी म्हणतात. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात वाकळ हा शब्द आहे. सीमाभागात आणि कर्नाटकात कौदी. लहान बाळासाठी मऊ कापडाचं छोटं शिवतात, ते दुपटं.

जुनं कापड थरावर थर ठेवून साध्या धावदोऱ्याने शिवण्याची पद्धत भारतीय उपखंडात सगळीकडे दिसते. बंगालात कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंध आणि राजस्थानच्या सीमेवर रल्ली. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका शिवतात त्या रंगीत गोधड्या आज देशाबाहेरच्या प्रदर्शनांत मांडल्या जातात. प्रत्येक ठिकाणी मूळ कारण एकच होतं. कापड महाग होतं आणि फेकून देणं परवडत नव्हतं.

आपल्याकडे गोधडी आणि सेवा यांचं नातं सांगायचं तर एक नाव टाळता येत नाही. संत गाडगे महाराज. अंगावर चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्र असायचं म्हणून लोक त्यांना ‘गोधडे बुवा’ आणि ‘चिंधे बुवा’ म्हणत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र चिंध्यांतच राहिले. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. फुटपाथवरच्या त्या मावशींचा प्रश्न नवा नाही. गाडगेबाबांनी तो काही दशकांपूर्वीच ओळखला होता.

ऊब नेमकी येते कुठून?

बहुतेकांना वाटतं की कापड ऊब देतं. तसं नाही. ऊब आपल्याच शरीराची असते, पांघरूण ती फक्त धरून ठेवतं आणि हे काम मुख्यतः कापडात अडकलेली हवा करते.

स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजतात, तेव्हा हवेचा आकडा साधारण ०.०२६ येतो आणि पाण्याचा ०.६. म्हणजे पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता नेतं. यातून तीन व्यवहारी गोष्टी निघतात.

पहिली : थर महत्त्वाचे, वजन नाही. सहा पातळ थरांमध्ये पाच ठिकाणी हवा अडकते. तेवढ्याच वजनाच्या एका जाड, घट्ट कापडात ती कमी अडकते. सुती साड्यांची गोधडी हलकी असूनही उबदार का, याचं उत्तर हे आहे.

दुसरी : ओली गोधडी जवळपास निरुपयोगी. हवेची जागा पाण्याने घेतली की पांघरूण उष्णता धरण्याऐवजी बाहेर नेऊ लागतं. सुती धागा ओलावा भरपूर शोषतो. नेहमीच्या हवेत सुती कापडात साधारण ८.५ टक्के ओलावा असतो, पॉलिस्टरमध्ये जेमतेम ०.४ टक्का. म्हणून सुती गोधडी दवात भिजली की सुकायला वेळ घेते. जिथे वाळवायला दोरी नाही, ऊन नाही, तिथे जाड सुती गोधडी दोन दिवसांत कुबट होते. मावशींनी हाच प्रश्न विचारला होता. मला तो फक्त जागेचा वाटला होता.

तिसरी : अंगाखालचा थर विसरू नका. झोपल्यावर खालच्या बाजूने उष्णता थेट जमिनीत जाते. शिवाय शरीराच्या वजनाने खालचं कापड दबतं आणि त्यातली हवा निघून जाते. उघड्यावर झोपणाऱ्याला एकच जाड गोधडी देण्यापेक्षा अंगाखाली एक आणि अंगावर एक अशा दोन पातळ दिल्या, तर उपयोग जास्त. खाली चटई किंवा पुठ्ठा असेल तर आणखी चांगलं.

कोणती साडी चालेल?

इथे खरी अडचण आहे. आजीच्या पिढीत कपाटात सुती लुगडी होती. आज आपण ‘जुन्या साड्या’ म्हणून काढतो, त्यांतल्या बऱ्याच पॉलिस्टर, नायलॉन किंवा मिश्र धाग्याच्या असतात. दिसायला मऊ, वजनाला हलक्या, पटकन वाळणाऱ्या. मग चूक काय?

आग. कोपीत, वीटभट्टीवर, फुटपाथवर थंडी म्हणजे शेकोटी आणि चूल. सुती कापडही पेट घेतं, पण ते जळून राख होतं. पॉलिस्टर आणि नायलॉन आधी वितळतात आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. भाजण्याची जखम त्यामुळे खोल होते. उसाच्या पाचटाच्या भिंती आणि आत चूल, अशा कोपीत झोपणाऱ्या मुलाच्या अंगावर सिंथेटिक गोधडी घालणं धोक्याचं आहे.

साडी सुती आहे का, हे घरीच तपासता येतं. पदराच्या कडेचे दोन-तीन धागे काढा. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून पेटवा, शेजारी पाणी ठेवा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मागे मऊ, भुरभुरीत राख राहिली तर सुती. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक मणी तयार झाला तर सिंथेटिक. दोन्ही खुणा दिसल्या तर मिश्र. उभा आणि आडवा, दोन्ही धागे तपासा, कारण अनेक साड्यांत ते वेगळे असतात. हे काम मुलांकडे देऊ नका.

सिंथेटिक साड्या फेकायच्या का? नाही. त्यांच्या पिशव्या होतात. सामान बांधायच्या मजबूत पिशवीची गरज स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला असते.

साडी सुती निघाली तरी चार कामं बाकी असतात. फॉल उसवून काढा, तो बहुधा सिंथेटिक असतो. टिकल्या, खडे, जर काढून टाका. विरलेला भाग कापा. बोटाने ताणल्यावर फाटणारं कापड आतल्या थरालाही चालत नाही. आणि शिवण्याआधी सगळ्या साड्या गरम पाण्यातून धुऊन घ्या. न धुतलेलं कापड पहिल्या धुण्यात आटतं. प्रत्येक साडी वेगवेगळी आटली की गोधडीला चुण्या पडतात आणि टाके ओढले जातात.

एका गोधडीला किती कापड, किती टाके?

आता थोडा हिशेब. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी रुंद असते. तिचे तीन समान तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा साधारण सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद होतो. एका माणसाच्या पांघरुणाचं हेच माप. म्हणजे एका साडीचे तीन थर, दोन साड्यांचे सहा. सुती साडीचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास धरलं, तर सहा थरांची गोधडी साधारण एक किलोत बसते. आमच्या साडेतीन किलोच्या गोधडीशी तुलना करा.

शिवण्याची रीत अशी. सगळ्यात खालचा थर जमिनीवर ताणून पसरा, चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. त्यावर एकेक थर घाला, प्रत्येक थराची सळ हाताने बाहेरच्या बाजूला काढत जा. सर्वांत चांगलं कापड वर आणि खाली, विटकं मधे. कडा आत दुमडून आधी लांब लांब कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. मग जाड सुती दोऱ्याने धावदोरा. काही जणी सरळ रांगा घालतात, काही जणी कडेने सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत येतात. साडीचा काठ कापून तो चारही बाजूंना लावला तर कड लवकर फाटत नाही.

दोन रांगांत एक बोट, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर अंतर ठेवलं तर पावणेचार फुटांत सुमारे ५७ रांगा बसतात. प्रत्येक रांग सहा फुटांची. एकूण शिवण होते शंभर मीटरच्या थोडी वर. सेंटिमीटरला एक टाका धरला तर एका गोधडीत दहा हजारांहून जास्त टाके. हा हिशेब मी आईला सांगितला. ती हसली आणि म्हणाली, "आम्ही कधी मोजले नाहीत."

रांगा फार लांब ठेवल्या तर धुताना आतलं कापड गोळा होतं. फार जवळ घेतल्या तर कापड दबतं आणि हवेला जागा उरत नाही. बोटभर अंतराचा जुना अंदाज म्हणूनच टिकून आहे.

मशिनवर शिवली तर चालेल का? चालेल. काम लवकर होतं. पण मशिनखाली सहा थर सरकू नयेत म्हणून कच्चे टाके जवळजवळ घालावे लागतात. हाताचा टाका थोडा सैल बसतो, त्यामुळे गोधडी लवचीक राहते आणि एखादा टाका तुटला तर घरच्या सुईने दुरुस्त होते. घेणाऱ्यासाठी ही सोय महत्त्वाची आहे.

कुणाला कोणती गोधडी द्यावी?

एकच माप सगळ्यांना लागू पडत नाही. साधारण असं ठरवता येईल.

* रुग्णांचे नातेवाईक : चार ते सहा थर, एका माणसापुरती, घडी घालून पिशवीत मावणारी. सोबत खांद्याला अडकवायची पिशवी दिली तर उत्तम. वॉर्डात आत मात्र बाहेरचं अंथरूण-पांघरूण चालेलच असं नाही. संसर्ग रोखण्यासाठी रुग्णालयांचे स्वतःचे नियम असतात. जाड गोधडी त्यांच्या धुलाईत नीट निर्जंतुक होत नाही. आधी विचारा.
* ऊसतोड आणि वीटभट्टीवरची कुटुंबं : इथे मोठी, दोघा-तिघा मुलांना पुरेल अशी गोधडी उपयोगी पडते, कारण सामान ठेवायला कोपी आहे आणि वाळवायला उघडं रान आहे. पूर्ण सुती असणं इथे सर्वांत महत्त्वाचं. रंग गडद असावा, चिखल-धुळीत तोच टिकतो.
* बेघर निवारे : मध्यम जाडी, सगळ्या एकाच मापाच्या. निवाऱ्यात त्या रोज घडी घालून रचून ठेवतात आणि एकत्र धुतात. तिथल्या व्यवस्थापकाला आधी विचारा. कदाचित त्यांना पांघरुणापेक्षा सतरंज्या हव्या असतील.
* वृद्धाश्रम : हलकी आणि मऊ. जड पांघरुणाखाली वयस्कर माणसाला कूस बदलणं अवघड जातं.
* नवजात बाळं : फक्त मऊ, पातळ दुपटं. झोपलेल्या बाळाच्या नाका-तोंडावर येईल असं सैल किंवा जड पांघरूण नको, श्वास अडण्याचा धोका असतो. बटण, घुंगरू, सुटा दोरा काहीही नको.

बाळांबाबत आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच घरांत माहीत नसते. साड्या आपण डांबरगोळ्यांत ठेवतो. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन काही बाळांसाठी घातक ठरतं. जी-६-पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्या शरीरात कमी असतं, अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्याच्या संपर्काने फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. हा दोष जन्मतः असतो आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून डांबरगोळ्यांत राहिलेल्या कापडाचं दुपटं शिवूच नका.

देण्याआधी काय काळजी घ्यायची?

एक : स्वच्छता. आपली वस्तू स्वच्छच आहे असं आपण धरून चालतो. पण माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या कापडात ढेकूण, धूळ, बुरशी काहीही असू शकतं. खरजेचे किडे माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत, पण घरात नुकतीच कुणाला खरूज झाली असेल तर ते कापड गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. शिवून झाल्यावर गोधडी पुन्हा धुवा. शिवताना हरवलेली सुई आत राहिली नाही ना, हे दोन्ही तळहातांनी दाबून तपासा.

दोन : वेळ. फोटो जानेवारीत येतात, गरज आधी लागते. ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात. तेव्हाच गोधडी हातात पडली तर ती पूर्ण हंगाम उपयोगी पडते. जुन्या काळी गोधड्या उन्हाळ्यात शिवल्या जात, कारण तेव्हा शेतात काम कमी आणि ऊन भरपूर असायचं. दान करायचं असेल तरी वेळापत्रक तेच ठेवा. उन्हाळ्यात साड्या गोळा करा, पावसाळ्यात शिवा, ऑक्टोबरमध्ये द्या.

तीन : विचारा. ‘काय हवंय’ हा प्रश्न आधी विचारला, तर निम्म्या चुका टळतात. घेणारा नको म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याची अडचण त्यालाच नीट माहीत असते.

चार : फोटो. गोधडी घेतानाचा चेहरा मोबाइलमध्ये टिपण्याची गरज नाही. गोधडीचा फोटो काढा, हवा तर शिवणाऱ्या हातांचा काढा.

इतरांनी हे कसं केलं?

जुन्या कपड्यांच्या वाटपाला भारतात शिस्त लावणारं मोठं नाव म्हणजे ‘गूंज’. अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये ही संस्था सुरू केली. त्यांना २०१५चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातली एक कल्पना लक्षात ठेवण्यासारखी आहे. गावकरी रस्ता दुरुस्त करतात, विहीर खणतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. वस्तू तीच, पण ती भीक म्हणून मिळत नाही, कमाई म्हणून मिळते.

अमेरिकेत १९९५मध्ये कोलोरॅडो राज्यात ‘प्रोजेक्ट लायनस’ सुरू झाला. आजारी आणि संकटात सापडलेल्या मुलांसाठी स्वयंसेवक हाताने पांघरुणं शिवतात, विणतात. ‘पीनट्स’ या चित्रमालिकेत पांघरूण सतत जवळ बाळगणारा लायनस नावाचा मुलगा आहे, त्याच्यावरून हे नाव. त्यांचे नियम साधे आहेत. पांघरूण नवं हवं, हाताने केलेलं हवं, धुता येणारं हवं, धूम्रपान होत नाही अशा घरातून आलेलं हवं. दान असलं तरी दर्जात सूट नाही.

आणि शिवणाऱ्या बाईचं काय?

दहा हजार टाके फुकट पडत नाहीत. पाठ दुखते, डोळे ताणले जातात, सुईने बोटांना घट्टे पडतात. आई, आजी, शेजारच्या काकू हे काम हौसेने करतात, तोपर्यंत ठीक. पण एखादं मंडळ, गृहसंकुल किंवा कंपनी पन्नास गोधड्या द्यायचं ठरवते, तेव्हा शिवणारीला मजुरी मिळायला हवी. गावोगावी बचत गटांतल्या बायका गोधड्या शिवून देतात. त्यांच्याकडून शिवून घेतल्या तर एका खर्चात दोन घरांना आधार होतो. मजुरी ठरवताना गोधडीच्या मापासोबत थर आणि रांगांमधलं अंतरही विचारात घ्या, कारण वेळ त्यावर ठरतो. ‘दानासाठी आहे, थोडं कमी करा’ असं तिला म्हणू नका. दान तुम्ही करताय, तिने नाही.

त्या गोधडीचं पुढे काय झालं?

साडेतीन किलोची ती गोधडी महिनाभर पलंगाखाली होती. मी आईला हिशेब करून दाखवला. सात साड्या, म्हणजे दोन-दोन साड्यांच्या तीन हलक्या गोधड्या, वर एक साडी उरते. आई काही बोलली नाही. तिची दोन महिन्यांची मेहनत उसवायची होती. दोन दिवसांनी मी कामावरून आलो, तर ती चष्मा लावून, कात्री घेऊन टाके उसवत बसली होती. आजीचं लुगडं तिने बाजूला काढून ठेवलं असेल असं मला वाटलं होतं. तिने ते तीनही गोधड्यांत वरच्या थराला वापरलं.

उरलेल्या साडीच्या तीन पिशव्या झाल्या. त्या मी शिवल्या, टाके वाकडे आहेत. जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघं पुन्हा त्याच फुटपाथवर गेलो. त्या मावशी दिसल्या नाहीत. त्यांचं माणूस बरं होऊन घरी गेलं असावं, एवढंच मनात म्हटलं. तीन गोधड्या तीन कुटुंबांना दिल्या. एका आजोबांनी गोधडी हातात तोलली, घडी घातली, पिशवीत भरून पाहिली. बसली. मग ती पुन्हा बाहेर काढून त्यांनी अंगावर घेतली.

यंदा आईने मे महिन्यातच कपाट उघडलं आहे. शेजारच्या तीन घरांतून साड्या आल्या आहेत. धागे पेटवून तपासण्याचं काम माझ्याकडे आहे.